बिनवासाची उतारी

मेंढरंवालीने रुमालाची गाठ दातांनी सोडली आणि आतली काडी टेबलावर ठेवली. काडीच ती. वीतभर देठ, त्याला लोंबणारी चार लांबट पानं, तीही प्रवासाने मान टाकलेली.

"याचं नाव सांगा, बाई. याच्यापायी माझी मेंढरं जातायत."

थोरलीने भिंग डोळ्याला लावलं. पानाच्या पाठीवर बारीक लव होती, देठाला धार होती. एवढं तर माळावरच्या निम्म्या झाडांना असतं.

"फूल कुठाय?"

"फूल मेंढीच्या पोटात."

बोलण्यात हसणं नव्हतं, म्हणून थोरलीही हसली नाही. मेंढरंवालीला उभ्यानेच बोलायची सवय. खुर्ची पुढे केली तरी बसेना. तिने सांगितलं ते असं. आधी मेंढी कळपात मागे मागे राहते. मग चरायची सोडते. मग पोट फुगायला लागतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, गाभण आहे.

"मलाही वाटलं. खूश झाले मी. पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, यंदा जुळी देतेस की काय गं! आणि एका सकाळी बघते तर चारी पाय ताठ."

"पण याच झाडाने कशावरून?"

"दुसरं आहे काय तिथे? गवत सगळं वाळलं. हेच तेवढं हिरवंगार डोलतंय."

थोरलीने काडी उलटीसुलटी केली. मग रोज कुणा ना कुणाला सांगायची तेच हिलाही सांगितलं. "फूल आणा. शेंग धरली असेल तर शेंग. मग नाव सांगते."

"नाव घेऊन मी काय करू? खाऊ द्यायचं की नाही, तेवढं सांगा."

"नाव कळल्याशिवाय ते तरी कसं सांगणार?"

"तोवर आणखी मरतील."

"तोवर दुसरीकडे चारा."

मेंढरंवालीने खिडकीबाहेर बघितलं, जसं काही दुसरीकडे नावाचं एक कुरण तिची वाट बघत तिथे उभंच होतं. मग रुमाल झटकला, घडी केली आणि गेली. जिन्यावर तिच्या जाड वहाणा बराच वेळ वाजत राहिल्या.

ते घर वाळलेल्या झाडांचं. कपाटांमागे कपाटं, कपाटांत खण, खणांत जाड कागद आणि प्रत्येक कागदावर एक झाड, मुळापासून फुलापर्यंत दाबून, सुकवून, चिकटवून ठेवलेलं. दारावरचा पहारेकरी त्याला झाडांचं शवागार म्हणायचा आणि नवीन माणूस आला की मुद्दाम हळू आवाजात म्हणायचा. कीड लागू नये म्हणून खणाखणात डांबरगोळ्या. त्या वासाने कपडे भरायचे, केस भरायचे. घरी गेलं तरी रात्रीच्या जेवणापर्यंत नाकातून तो हटायचा नाही.

थोरलीचं काम ओळख पटवण्याचं, आणि तेही माळरानावरच्या फुलझाडांची. जंगलातली झाडं बरी, उंच असतात, लांबून हाक मारता येते. माळावरचं झाड बोटभर. पाऊस सरला की चार दिवसांचं राज्य त्यांचं. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. त्यांना बघायचं तर गुडघे टेकावे लागतात. आणि पिवळं फूल म्हणाल तर सगळ्या सख्ख्या बहिणी. पाकळीच्या आत बघावं, केसर मोजावेत, देठाशी काय लपलंय ते सुईने उलगडावं, तेव्हा कुठे एक म्हणते, मी ही, आणि दुसरी म्हणते, मी ती. म्हणून त्या घराचा कायदा होता: फुलाविना नाव नाही. नुसत्या पानावरून नाव सांगणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाला हाक मारणं. वळला आणि निघाला भलताच, तर?

थोरली हा कायदा तिच्या बापाकडून शिकली होती. तोही याच घरात होता, जन्मभर. झाडं कागदावर चिकटवायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला डिंकबाबा म्हणायचे. आई माळावर जायची, झोळी भरून जिवंत फुलं आणायची. डिंकबाबा त्यांना दाबायचा, विषाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, चिकटवायचा. ती जिवंत आणायची आणि हा मेलेली जपायचा. संसार चांगला झाला.

आई आता नव्हती. डिंकबाबा कामावरून निवृत्त झाला होता. आणि धाकटी, म्हणजे थोरलीची पाठची बहीण, पोटुशी होती. तिचा नवरा जहाजावर, म्हणून ती माहेरी राहायला आली होती.

*

थोरली घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसली होती, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत कप धरून.

"आज काय काय टिकलं पोटात?" थोरलीने विचारलं.

"हा काढा टिकला. बाकी सगळ्यांनी राजीनामे दिले."

डिंकबाबा शेगडीपाशी उभा होता. तो हसला. हसला की त्याच्या गालाला खळी पडायची, या वयातसुद्धा. "काढा टिकणारच. उतारी आहे ती. तुझ्या वेळी तुझी आई हाच प्यायली. मळमळीचा उमाळा म्हणून राहायचा नाही."

खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधलेल्या जुड्या उलट्या लोंबत होत्या. सुकून काळपट पडलेल्या. उतारी सुकली की काळी पडते, हे थोरलीला माहीत होतं. शेजारी वर्तमानपत्रावर सकाळी खुडून आणलेली ताजी पानं पसरलेली.

"कुठून आणलीत, बाबा?"

"माळावरून, आणखी कुठून! तुझ्या आईचा उतार आता राहिला नाही, तिथे वखारी झाल्या. मी वीटभट्टीच्या पलीकडे जातो. तिकडे हीच हिरवीगार, ढिगाने."

"नीट बघून आणता ना?"

डिंकबाबाने पळी ठेवली. "अगं थोरले, तुझ्या आईने दिलेली उतारी मी स्वतःच्या हाताने चिकटवलीय. पान आणि पान. डोळे मिटून ओळखेन."

थोरलीने एक जुडी हातात घेतली. दिवसभर असलीच वाळकी झाडं बघून डोळे शिणले होते. लांबट पान, बारीक लव, काळपट देठ. कागदावरच्या उतारीसारखीच दिसत होती, अगदी हुबेहूब. तिने मान हलवली आणि जुडी सोडून दिली. जुडी दोऱ्यावर थोडी झुलली आणि थांबली.

"बघ," डिंकबाबा धाकटीला म्हणाला, "सरकारी मोहोर लागली."

"ताई, तू पण घे ना घोटभर. छान आहे. मुळात याला वासच नाही." धाकटीने कप पुढे केला. "मला हल्ली कशाचाही वास आला की मळमळतं. साबणाचा, दुधाचा, तुझा तर विचारूच नको, डांबरगोळी आलीय म्हणून बाळ लाथा मारतं. आई करायची तो काढा घरभर घमघमायचा, आठवतं? बाबांच्या काढ्याला काही म्हणजे काही नाही. बाबांचा हात हलका."

"हलका हात आणि जड कान," थोरली म्हणाली. "परवा दूध करपून काळं झालं, शेजारची बोंबलत आली, आणि हे शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होते."

"विचारात होतो मी," डिंकबाबा म्हणाला.

"कसल्या?"

"ते आता आठवत नाही."

तिघंही हसली. धाकटी हसता हसता पोटाला हात लावून थांबली. मग आईचं गाणं गुणगुणायला लागली. आई माळावरून आली की एकेक फूल काढून ठेवताना अशा ओळी जुळवायची, जमेल तशा:

*हात लावता लाजेना, चुरगळता रुसेना,*
*वास दिल्यावाचून उतारी हातची सुटेना.*

थोरलीने साबणाने हात धुतले. तिच्या नाकात अजून कपाटं होती.

*

पुढचे दिवस चांगले गेले, निदान तसे दिसले. धाकटीची मळमळ थांबली. मग भूकही थांबली, पण काढा जातोय ना पोटात, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डिंकबाबा सकाळी झोळी घेऊन जायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचा. वयाच्या मानाने त्याची चाल सुधारली होती. आयुष्यभर बंद खोलीत काढलेला माणूस. आता त्याच्या मानेवर उन्हाचा पट्टा उमटला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

धाकटीचं पोट मात्र भराभर वाढलं. तपासायला जायची त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फीत लावली, पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "मूल दांडगं आहे हो तुमचं." पाय सुजले, तर म्हणाल्या, होतं असं, पाय उशीवर ठेवून झोपा. समोरच्या बिऱ्हाडातली काकू दारात उभी राहून कौतुकाने बघायची. "काय सोन्यासारखी झालीय पोरगी! अंगावर तेज आलंय. मुलगी होणार बघा."

आणि खरंच, धाकटी पिवळसर दिसत होती. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आलं की तर जास्तच. थोरली एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"काय गं? शिंगं फुटली का मला?"

"डोळे दाखव."

"डोळे आहेत जागेवर."

"जागरण झालंय का?"

"पोटात एवढं मोठं माणूस घेऊन झोप बघ येते का! या कुशीला वळले की ते त्या कुशीला जातं. आणि ताई, पोटात असं डुचमळतं. मडकं भरून डोक्यावर घेतलं की होतं ना, तसं."

"डॉक्टरीणबाईंकडे कधी आहे जायचं?"

"आहे की पुढच्या आठवड्यात. तू पण ना! बाबा, हिला पण द्या काढा. हिला उगाच काळजीचा उमाळा येतो."

डिंकबाबाने खरंच कप भरून आणला, आणि तोही धाकटीच प्यायली.

त्या रात्री थोरलीला झोप लागली, पण सकाळी उठली ती दात घट्ट आवळूनच. आपण काहीतरी विसरलोय असं तिला दिवसभर वाटत राहिलं. शेगडी बंद केली होती. किल्ली पिशवीत होती. कपाटांना कुलपं होती. विसरण्यासारखं काही सापडेना.

*

मेंढरंवाली पुन्हा आली ती रुमाल न घेता आली. तिच्या काखेत अख्खं झाड होतं, मुळासकट उपटलेलं, आणि जिना चढताना ते वाजत होतं. खुळ् खुळ् खुळ्. तान्ह्या पोराच्या हातात द्यावं तसं.

"घ्या," ती म्हणाली आणि झाड टेबलावर आडवं केलं. "फूल म्हणालात, फूल आणलं. शेंगाही आहेत. आता बोला."

फुलं पिवळी, शेंगा फुगीर, वाळलेल्या. आत बी सुटं झालेलं. थोरलीला भिंग लागलंच नाही. माळावर ज्याला ज्याला लहानपण मिळालंय त्याला हे झाड माहीत असतं. पोरं याच्या शेंगा कानाशी धरून नाचतात.

"खुळखुळी," ती म्हणाली.

"खुळखुळी होय! हिला मी लहानपणी खेळलेय. शेंगांविना ओळखूच आली नाही बघा. मग? वाईट आहे?"

"फार वाईट. लगेच मारत नाही. हळूहळू मारते. रोज थोडी थोडी पोटात गेली की—"

"काळीज जातं," मेंढरंवाली म्हणाली. "खाटकाने परवा मेलेली मेंढी फाडून दाखवली मला. आत पाणीच पाणी, घागरभर. आणि काळीज दगड झालेलं. सुरी लागेना."

थोरलीने सवयीने एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं. ओळख पटली तरी नाकाची साक्ष घ्यायची, ही आईची शिकवण. वास आला नाही. पुन्हा चुरगळलं. हिरव्या पानाला असतो तेवढा ओला वाससुद्धा नाही.

"एक विचारू, बाई?" मेंढरंवाली पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. "माणसांना चालते का ही? उकळून वगैरे?"

"कुणालाच चालत नाही. का?"

"नाही, त्याचं असं झालं. तुमच्याकडून गेले तरी मनात पाल चुकचुकत होती. पण भट्टीपलीकडे एक म्हातारबाबा येतात रोज सकाळी. शिकले-सवरलेले दिसतात, चष्मा-बिष्मा. गुडघे टेकून एकेक पान खुडतात हिचं, झोळीत घालतात. मी म्हटलं, बाबा, हे काय करता? तर म्हणाले, औषध आहे, माझ्या लेकीला देतो. मग मीही निर्धास्त झाले. म्हटलं, माणसं पितात ते माझ्या मेंढरांना काय करणार?"

थोरलीच्या काळजात चर्र झालं. ते झालं तिथेच हात दाबून ती उठली. काळीज म्हणजे जिथे माया असते ते, असं तिला आजवर वाटायचं. खाटकाच्या फळीवर काळीज म्हणतात ते वेगळंच असतं. उजव्या बरगडीखाली, तांबडं, मऊ.

*मुळात याला वासच नाही.* कप पुढे करून धाकटी म्हणाली होती. *बाबांचा हात हलका.*

"बाई? काय झालं? पाणी देऊ?"

"एकही मेंढी तिकडे नेऊ नका," थोरली म्हणाली आणि टेबलावरचं झाड उचलून तशीच निघाली. पहारेकऱ्याने हाक मारली, कागदावर सही न करता इथून झाड न्यायचं नसतं. ती थांबली नाही. रस्त्याने पळताना तिच्या हातातल्या शेंगा खुळखुळत होत्या आणि पुढे चालणारी माणसं कुणाचं तान्हं आलं म्हणून वळून बघत होती.

*

धाकटी खिडकीशी स्टुलावरच होती. कप ओठाला लावलेला.

थोरलीने तिच्या हातातून कप घेतला आणि मोरीत ओतला.

"अगं! अगं ए!" डिंकबाबा पळी घेऊन वळला. "सकाळपासून मंद आचेवर ठेवला होता मी. वेड लागलं का तुला?"

"बाबा, ही उतारी नाही."

"काहीतरीच बोलू नको."

"खुळखुळी आहे. ही बघा." तिने झाड ओट्यावर टाकलं. शेंगा वाजल्या.

डिंकबाबाने चष्मा सारखा केला. झाडाकडे बघितलं, मग खिडकीतल्या जुड्यांकडे. त्याची बोटं आपोआप एका पानापाशी गेली आणि ते सरळ करायला लागली, कागदावर चिकटवताना करतात तसं. "या शेंगा असलेलं झाड वेगळं. मी आणतो त्याला शेंगा नाहीत."

"कोवळं असताना आणता, म्हणून नाहीत. पान तेच, लव तीच. वाळल्यावर दोन्ही काळी पडतात. फुलाशेंगांविना कागदावर दोघींत काडीचा फरक दिसत नाही, बाबा. फरक जिवंत असतानाच कळतो."

"मी जन्मभर—"

"तुम्ही जन्मभर मेलेली बघितलीत."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण आता थांबायला वेळ नव्हता. वर्तमानपत्रावर सकाळची ताजी पानं होती. तिने मूठभर उचलली, दोन्ही तळव्यांत चुरगळली आणि बापाच्या नाकापाशी धरली.

"वास घ्या."

डिंकबाबाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. त्याच्या गालावर खळी पडली. "हं."

"येतोय?"

"येतोय म्हणजे काय! न यायला काय झालं?"

"कसला?"

"कसला म्हणजे? उतारीचा. लिंबाच्या सालीसारखा. तुझी आई नाही का म्हणायची..."

शेगडीवर पातेल्यातलं पाणी बुडबुडत होतं. थोरलीचे तळवे अजून तसेच बापाच्या तोंडासमोर होते आणि त्या तळव्यांना काही म्हणजे काही वास नव्हता.

"बाबा," धाकटी स्टुलावरून हळूच म्हणाली, "त्याला वास नाहीये. मी सांगितलं होतं ना तुम्हाला. म्हणून तर मला आवडतो."

डिंकबाबाने पुन्हा वास घेतला. मग पुन्हा. मग थोरलीची मनगटं धरून त्याने तिचे तळवे आपल्या तोंडावर दाबले आणि लहान मूल उशीत श्वास घेतं तसा घेत राहिला.

"कधीपासून येत नाही तुम्हाला?" थोरलीने विचारलं.

"ते विषाचं पाणी... डांबरगोळ्या... कळलंच नाही कधी गेला ते. तुझी आई होती तेव्हाच." त्याचा आवाज तिच्या तळव्यांतून येत होता. "ती झोळीतून फुलं काढून द्यायची, म्हणायची, घ्या हो वास. मी म्हणायचो, वा. तिला किती बरं वाटायचं गं. तिला नाही म्हणून कसं सांगायचं?"

मग त्याने तोंड वर केलं. थोरलीकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसता शोध होता, बुडणारा माणूस काठ शोधतो तसा.

"पण तूही बघितली होतीस ना, थोरले? जुडी हातात घेतली होतीस. मान हलवलीस."

थोरलीने खिडकीतली जुडी दोऱ्यावरून ओढून काढली.

"तुम्ही दोघं भांडणार असाल," धाकटी म्हणाली, "तर मला आधी कुणीतरी सांगा, मला काय झालंय." तिने दोन्ही हात पोटाखाली घेतले होते. मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. डोळ्यांचं पांढरं आता पांढरं नव्हतंच.

*

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी झाडाचं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि मोठ्यांदा वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. मग धाकटीला आत नेलं. पोटावर यंत्र फिरवून बाहेर आल्या तेव्हा त्या एकट्या थोरलीशीच बोलल्या.

"मूल दांडगं नाही. लहानच आहे. बाकीचं पाणी आहे. मुलाभोवतीचं नव्हे, त्याच्या बाहेरचं. यकृतातल्या शिरा मिटत चालल्यात."

"उघडतील?"

"काढा थांबलाय, ही एक गोष्ट चांगली झाली. नाव वेळेवर कळलं म्हणायचं."

"वेळेवर म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "काहींच्या उघडतात. काहींचं यकृत पुढे घट्ट होत जातं. आत्ता सांगता येत नाही. आधी मूल बाहेर काढू या. त्याला तिथे ठेवणं बरं नाही. नंतर पोट किती उतरतं, त्यावरून कळेल."

त्यावरून कळेल. थोरली बाकावर जाऊन बसली. बाजूला डिंकबाबा होता, मांडीवर मोकळी झोळी घेऊन. ती त्याने घरून का आणली होती ते त्यालाही माहीत नव्हतं.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली, आणि रडणं ऐकून डिंकबाबा उभा राहिला आणि उभाच राहिला. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. समोरच्या बिऱ्हाडातली काकू भेटायला आली, काचेला नाक लावून म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं मी, मुलगीच!" आणि धाकटीच्या खाटेकडे वळून चेष्टेने म्हणाली, "आणि हे काय? एक आतच विसरून आलीस की काय?"

कुणी हसलं नाही, तेव्हा काकू पिशवी सावरून निघून गेली.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या, संध्याकाळी आल्या. दर वेळी तळवा पोटावर सपाट ठेवायच्या, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. मग धाकटीच्या गालाला हात लावायच्या, "जेवलीस का?" विचारायच्या आणि थोरलीकडे न बघता जायच्या. सुईने पाणी काढलं. पोट उतरलं. मग पुन्हा हळूहळू वर आलं.

एका दुपारी थोरली उशाशी बसून बहिणीचे केस विंचरत होती. बारीक, कोरडे केस, फणीत अडकत होते.

"ताई."

"हं."

"मला कळतंय. सांगू नकोस."

थोरलीने फणी थांबवली.

"थांबू नको, विंचर. बाबा येतील आत्ता, पोरीला बघून. रोज येतात आणि आधी माझ्या पोटाकडे बघतात. तोंड उघडून विचारत नाहीत, पण बघतात." तिने धाप लागल्यासारखा श्वास घेतला. "माझे गुडघे उभे कर. उशी घाल खाली. आणि चादर वरून घे, अशी, सैल. म्हणजे कळत नाही."

"अगं, पण—"

"कर ना. ते पायऱ्या चढतायत. चाल ओळखते मी त्यांची."

थोरलीने गुडघे उभे केले, खाली उशी दिली. चादर गुडघ्यांवरून ओढून तिचा तंबू केला आणि कडा गादीखाली खोचल्या. वरून हात फिरवून बघितलं. आता नुसता कापडाचा उंचवटा होता, कुणाच्याही खाटेवर असतो तसा.

डिंकबाबा दारात आला. त्याच्या तोंडावर मुलीला बघून आलेलं हसू अजून होतं. "बोट धरलं तिने माझं," तो म्हणाला. "सोडेचना. पेटीत हात घातला तर पकडूनच ठेवलं." मग तो खाटेपाशी आला. त्याची नजर चादरीवर गेली, उंचवट्यावरून फिरली, खोचलेल्या कडांपर्यंत जाऊन परत आली.

"उतरलं का गं पोट, धाकटे?" आज त्याने विचारलं.

"उतरलं की, बाबा," धाकटी म्हणाली. "बसा ना. बोट कसं धरलं ते दाखवा."

त्याने आपलं एक बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून दाखवलं.